मुलीचं नाव शोधायला घेतलेलं नावांचं पुस्तक – हळर्णकर आडनावाला कितपत उपयोगी

बारशाला दहा दिवस राहिले तेव्हा म्हापशाच्या बाजारातल्या एका दुकानातून हे पुस्तक आणलं. आमचं आडनाव हळर्णकर, म्हणजे पेडण्यातल्या हळर्ण गावावरून आलेलं, आम्हाला त्याचा अभिमानच आहे पण ळ आणि र्ण लागोपाठ, बाहेरच्या माणसाला जमत नाही, आणि इंग्रजीत ळ चा एल होतो तिथे तर बोलायलाच नको.

पुस्तकात नावं भरपूर, अर्थ नीट दिलेत, राशीप्रमाणे अक्षरंही आहेत. पण नाव आडनावासोबत कसं ऐकू येतं यावर एक ओळ नाही!! माझ्या मते तेच आधी बघायला हवं. हर्षाली आम्हाला खूप आवडलं होतं, पण हर्षाली हळर्णकर मोठ्याने म्हणून बघा, दोनदा ह, दोनदा र्, जीभ अडखळतेच. अपर्णाचंही तेच, र्ण वर परत र्ण. मग सासूबाई म्हणाल्या दारातून हाक मारून बघ, आणि खरंच तीच टेस्ट कामी आली, लांब जोडाक्षरी नावं सगळी गळली, ईशा, मही, उमा उरली. उमा ठेवलं.

आणि घाई करू नका हं, जन्माची नोंद 21 दिवसांत करायची पण ती नावाशिवाय होते, नाव नंतर 12 महिन्यांपर्यंत फी न भरता घालता येतं, हे पुस्तकात असायला हवं होतं. छपाई छान, अक्षर मोठं, आजीलाही वाचता आलं. पाचपैकी तीन स्टार.