मंगळवार पेठेतील कल्हईच्या दुकानाचा अनुभव

पितळेची तीन पातेली आणि एक परात गेल्या महिन्यात मी सोलापुरातील मंगळवार पेठेतल्या एका जुन्या दुकानात कल्हईसाठी, म्हणजे आतून कथलाचा थर चढवण्यासाठी, दिली होती. काम कसे झाले हे सांगण्यापूर्वी मी कल्हईची पारख कशी करतो ते सांगणे आवश्यक वाटते, कारण बहुतेक जण ती चकाकीवरून करतात आणि चकाकी तर शिसे मिसळलेल्या कल्हईलाही असते.

त्याआधी दारावर आलेल्या एका कल्हईवाल्याकडून एक पातेले करून घेतले होते. नंतर त्याच्याजवळची कल्हईची कांडी कागदावर ओढून पाहिली, तेव्हा पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली. अशी ठळक रेघ शिशाची असते, त्यामुळे ते पातेले मी त्याच दिवशी वापरातून काढले.

जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून या धास्तीचे कारण थोडे सविस्तर मांडतो. शिसे शरीरात कॅल्शियमची जागा बळकावते, म्हणून आधी कॅल्शियमबद्दल. पेशीबाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शियम लिटरमागे एक मिलिमोलच्या आसपास असते, तर पेशीच्या आत ते केवळ १०० नॅनोमोल, म्हणजे सुमारे दहा हजारपट कमी असते. हा फरक राखण्यासाठी पेशीपटलावरचे आणि आतल्या जालिकेवरचे (पेशीतील कॅल्शियमच्या साठ्यावरचे) पंप अहोरात्र ऊर्जा खर्च करतात, कारण आतले कॅल्शियम क्षणभर वाढणे हाच पेशीसाठी निरोप असतो. त्यावर स्नायू आकुंचन पावतो आणि एक चेतापेशी दुसरीकडे संदेश पाठवते. शिशाचा आयन (विद्युतभारित अणू) पेशीपटलातील कॅल्शियमच्याच वाहिन्यांतून आत शिरतो आणि कॅल्शियमचा निरोप पुढे पोहोचवणाऱ्या कॅल्मोड्युलिनसारख्या प्रथिनांवर कॅल्शियमची जागा घेऊन अधिक घट्ट बसतो. मग निरोप आलेला नसताना काम सुरू होते, आणि खरा निरोप यायच्या वेळी वाहिनीच अडलेली असते. वाढत्या मेंदूला याची झळ सर्वाधिक बसते. प्रौढांच्या शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत कॅल्शियमच्या जागी साठून दशकानुदशके राहते आणि गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम निघू लागले की तेही रक्तात उतरते. आहारात कॅल्शियम कमी असेल तर शिसे अधिक शोषले जाते, ही बाब मला विशेष काळजीची वाटते.

कथीलही घातक नाही का, असे मला शेजाऱ्यांनी विचारले. जहाजांच्या रंगात पूर्वी वापरले जाणारे ट्रायब्युटिलटिन हे कथलाचे सेंद्रिय संयुग पेशीतील कॅल्शियमचा तोल खरोखरच बिघडवते. परंतु कल्हईतले धातुरूप कथील निराळे असून ते आतड्यातून फारच थोडे शोषले जाते.

दुकानातल्या काकांना मी थेट शिशाबद्दल विचारले. त्यांनी रागावण्याऐवजी कांडी माझ्या हाती दिली आणि म्हणाले, “सर, कानाजवळ धरून वाकवा की, कथील बोलतंय बघा.” कांडी वाकवताच बारीक करकर ऐकू आली. कथलाचे स्फटिक वाकताना असा आवाज करतात, शिसे करत नाही. शिसे अगदी थोडे मिसळले असेल तर या परीक्षेत ते कळणार नाही. तरी गिऱ्हाइकाच्या हाती माल देणारा दुकानदार मला विश्वासाचा वाटला. कागदावरही ठळक रेघ उमटली नाही.

काम माझ्यासमोर झाले. घासून स्वच्छ केलेले भांडे भट्टीवर तापवून त्यावर नवसागराची पूड टाकली, कांडी टेकवताच कथील वितळले आणि कापसाच्या बोळ्याने ते काही क्षणांत सर्वत्र फिरवले गेले. पातेल्यांची कल्हई एकसारखी बसली आहे. तीन आठवडे त्यांत चिंचेची आमटी आणि कढी होते आहे, पण एकदाही काही कळकले नाही. परातीच्या कडेला मात्र थर पातळ राहिला आणि भांडी दोन दिवस उशिरा मिळाली. नवसागराचा धूर कोंडून राहतो, तेथे धुराडे बसवणे काकांच्याच छातीसाठी गरजेचे आहे. पावतीवर ‘शुद्ध कथील’ असे लिहून देण्याची प्रथाही त्यांनी सुरू करावी.

परातीची कड ते पुन्हा विनामूल्य करून देणार आहेत. दारावर कल्हई केलेले ते पातेले मात्र मी त्यांच्याकडे नेणार नाही, कारण जुना थर घासून काढताना त्याची भुकटी त्यांच्याच श्वासात जाईल.