सराफा: खायला उशिरा, बघायला लवकर

इंदूरचा सराफा म्हणजे दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाण्याचा बाजार. त्याबद्दल सगळे खाण्याचंच लिहितात. मी याच भागात वाढले, म्हणून आधी घरांबद्दल लिहिते.

गाडी लांब लावा आणि राजवाड्यापासून पायीच या. जवळ गाडी लावायच्या नादात अर्धा तास जातो. राजवाड्यासमोर मात्र घाई करू नका. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटलं तेव्हाही वाडा जळला आणि १९८४ मध्येही. आज दिसतो त्यातला बराच भाग पुन्हा उभारलेला आहे, तरी दर्शनी दारापाशी उभं राहिलं की होळकरांचा थाट कळतो. शेजारी कृष्णाबाई होळकरांनी १८३२ मध्ये बांधलेलं गोपाळ मंदिर. आतले लाकडी खांब बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सराफ्यात शिरायची खरी वेळ रात्री नऊच्या आसपास. सोन्याचांदीच्या पेढ्यांची शटरं खाली येत असतात आणि त्याच ओट्यांवर कढया चढायच्या असतात. तेवढ्या वेळात मान वर करा. जुन्या घरांचे लाकडी सज्जे, त्यांना खालून पेलणारे कोरीव घोडे (म्हणजे लाकडी आधार), आणि त्यांच्याच गळ्यात गुंडाळलेल्या विजेच्या तारा! एका सज्जाच्या कोरीव पट्टीवर कुणीतरी चक्क फ्लेक्सचे खिळे ठोकलेत. संताप येतो. पाटी दुकानाच्या कपाळावर लावा ना, त्या बिचाऱ्या वेलबुट्टीनं काय घोडं मारलंय?

दहानंतर वर बघायची सोय नाही, धक्के खात चालायचं. थंडीत गेलात तर गराडू, म्हणजे एका कंदाचे तळलेले तुकडे, घ्याच: दुसऱ्यांदा तळून कुरकुरीत झाले की वरून जीरावन मसाला आणि लिंबू. भुट्ट्याचा कीस गरम असेल तरच मागा. दहीवडा हवेत उडवून दाखवतात तो तमाशा एकदा ठीक. अलीकडे मंचुरियन आणि मोमोजचे ठेले वाढलेत, ते खायला इथवर यायची गरज नाही.

बसायला जागा कुठेच नाही. पुण्याहून आलेल्या आत्याला मी पेढीच्या पायरीवर बसवलं आणि द्रोण तिथेच नेऊन दिले. गुडघ्यांचं दुखणं असलेलं कुणी बरोबर असेल तर शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी या.