मल्याळम ‘दृश्यम’ की हिंदी ‘दृश्यम’: आधी कोणता पाहावा?

‘दृश्यम’ अजून पाहिलेला नाही असे सांगणारी माणसे आता कमी भेटतात, पण जी भेटतात ती बहुधा एकच प्रश्न विचारतात: मूळ मल्याळम चित्रपट पाहावा की हिंदी? प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. या कथेचा जीव शेवटच्या उलगड्यात आहे आणि तो उलगडा दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. त्यामुळे जो चित्रपट आधी पाहाल त्यालाच तो धक्का लाभणार आणि दुसऱ्याच्या वाट्याला केवळ तुलना येणार. मी २०१५ साली हा पहिला मान हिंदी चित्रपटाला दिला आणि मल्याळम चित्रपट त्यानंतर दोनेक वर्षांनी घरी पाहिला. आज निवड करायची झाली तर क्रम उलटा ठेवीन. त्याचे कारण सांगतो. शेवट मात्र सांगत नाही.

जीतू जोसेफ यांचा मल्याळम चित्रपट डिसेंबर २०१३ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा केरळमध्ये समीक्षक आणि प्रेक्षक यांचे सहसा न जमणारे सूर जमले. पन्नास कोटींच्या कमाईचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मल्याळम चित्रपट ठरला आणि लोकप्रियता व कलामूल्य यांचा मेळ घालणाऱ्या चित्रपटासाठीचा केरळ राज्य पुरस्कारही त्याला मिळाला. तक्रार होती ती एवढीच, की पूर्वार्ध संथ आहे. हिंदी ‘दृश्यम’ ३१ जुलै २०१५ रोजी आला, तेव्हा चित्र इतके एकमुखी नव्हते. तब्बू यांच्या कामाचे कौतुक जवळपास सर्वांनी केले. अजय देवगण यांचा संयम काहींना भावला, तर काहींना तोच संयम कोरडा वाटला. आणि मूळ चित्रपट पाहिलेल्यांनी ‘चांगला आहे, पण…’ असे म्हणून वाक्य अर्धवट सोडले. प्रेक्षकांनी ते ‘पण’ फारसे मनावर घेतले नाही. चित्रपटाची सुरुवात बेताची झाली, पण पाहून आलेल्यांनी इतरांना सांगितले आणि तो चित्रपटगृहांत टिकून राहिला.

या दोन्ही प्रतिक्रिया मला प्रामाणिक वाटतात. समीक्षक तुलना करत होते आणि प्रेक्षकांपैकी बहुतेकांसमोर तुलनेला काही नव्हते, ते ही गोष्ट प्रथमच पाहत होते. म्हणून हिंदी चित्रपटाविषयीचे परीक्षण वाचताना, लिहिणाऱ्याने आधी कोणता ‘दृश्यम’ पाहिला होता, हे शोधून मगच त्याच्या मताला वजन द्यावे, असे मी सुचवीन.

माझ्यापुरता निर्णय एका गोष्टीने केला आणि ती परीक्षणांत मला कुठेच ठळकपणे सापडली नाही. हिंदी चित्रपट गोव्यात घडतो. नायकाचे आडनाव साळगावकर, पोलीस अधिकारी मीरा देशमुख, मारकुटा पोलीस गायतोंडे. ही सगळी आपल्या ओळखीची, शेजारपाजारची आडनावे आहेत. आणि हे साळगावकर कुटुंब स्वयंपाकघरात, जेवताना, मुलींना रागावताना, रडतानासुद्धा हिंदी बोलते. माझ्या आईचे माहेर सावंतवाडीजवळचे आहे. चित्रपटगृहात मध्यंतराच्या आधीच तिने माझ्या कानाशी येऊन विचारले, “ही माणसं घरातसुद्धा हिंदी का बोलतायत रे?” मी तिला गप्प केले, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. हिंदी चित्रपट हिंदीतच असणार, हे मला समजते; इतर शेकडो चित्रपटांत मी ते बिनतक्रार स्वीकारले आहे. इथे ते खुपले याचे कारण कथेतच आहे. एका पोलीस अधिकारी बाईंचा मुलगा बेपत्ता होतो आणि त्यामागचा गुन्हा लपवण्यासाठी एक बाप आपल्या बायकोला आणि दोन मुलींना खोटे बोलायला शिकवतो. पोलीस काय विचारतील, कोणत्या प्रश्नाला अडखळायचे, कोणते उत्तर चौघांचे अगदी सारखे येता कामा नये, हे तो घरात बसून त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा घोटून घेतो. असे खोटे माणूस ज्या भाषेत अंगाई ऐकतो त्याच भाषेत शिकवले जाते. ती भाषा काढून घेतली की समोर कुटुंब राहत नाही, चार कलाकार संवादांची तालीम करताना दिसतात.

दिग्दर्शक निशिकांत कामत नसते तर कदाचित मला हे इतके लागलेही नसते. ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) मध्ये याच दिग्दर्शकाने एका मध्यमवर्गीय माणसाचा कायद्यापलीकडे जाण्याचा प्रवास दाखवला होता आणि त्या घरातले प्रत्येक वाक्य आपल्या घरातले वाटत होते. कामत २०२० मध्ये गेले. गोव्यातल्या या घरात त्यांना कोकणी आणि मराठी वापरता आली असती तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनात येतो.

मल्याळम चित्रपट इडुक्कीच्या डोंगराळ भागात घडतो. मला मल्याळम भाषेचा एक शब्दही येत नाही. तरीही मोहनलाल यांचा जॉर्जकुट्टी घरात शिरला, मुलीच्या हट्टाला पैशाचे कारण सांगून टाळू लागला, बायकोशी कुरकुरला, तेव्हा हे घर खरे आहे याविषयी मला शंका उरली नाही. शेवट ठाऊक होता, पुढचा प्रत्येक प्रसंग ठाऊक होता. तरी धाकट्या अनूची चौकशी सुरू झाली तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. हिंदीत तो प्रसंग प्रथमच पाहत असूनही असे झाले नव्हते. याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही, पण मला तो पुरेसा वाटतो.

याचा परिणाम चित्रपटाच्या नैतिक बाजूवरही होतो, आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांतला खरा फरक मला तिथेच दिसतो. हिंदी चित्रपट संपला तेव्हा आमच्या चित्रपटगृहात टाळ्या वाजल्या. त्या पोलिसांना पुरून उरलेल्या नायकासाठी होत्या, कारण देवगण यांच्या नजरेत सुरुवातीपासूनच जिंकणाऱ्या माणसाची खात्री दिसते. मोहनलाल यांच्या चेहऱ्यावर ती नाही. त्या बेपत्ता मुलाचे आईवडील अखेरीस त्याच्यासमोर येतात तेव्हा जॉर्जकुट्टी जिंकलेला दिसत नाही. आपण दुसऱ्याच्या घराचे काय केले, हे कळलेला माणूस दिसतो. गुन्हा लपवणाऱ्याच्या बाजूला प्रेक्षक उभा राहतो, हा आक्षेप या कथेवर घेतला जातो आणि पुढे अनेक खुनांच्या बातम्यांना ‘दृश्यम स्टाइल’ असे मथळेही लागले. मूळ चित्रपट त्या आक्षेपाला टाळत नाही, असे माझे मत आहे. तो प्रेक्षकाला बापाच्या बाजूला उभे करतो आणि तिथे उभे राहणे अवघडही करतो.

हिंदीच्या बाजूनेही न्यायाने बोलले पाहिजे. आशा शरत यांच्या करारी अधिकाऱ्याविषयी आदर ठेवूनही मला तब्बू अधिक लक्षात राहिल्या. खाकीतली अधिकारी आणि मुलासाठी व्याकूळ झालेली आई एकाच चेहऱ्यावर त्या ज्या रीतीने सांभाळतात, त्यासाठी हा चित्रपट पाहावाच. मल्याळम चित्रपटातला एक धक्का तर आपल्याला मिळणारही नाही: क्रूर हवालदार सहदेवन साकारणारे कलाभवन शाजोन तिकडे विनोदी भूमिका आणि मिमिक्रीसाठी ओळखले जात, हे ठाऊक असलेल्या मल्याळी प्रेक्षकाला त्यांचा हात लहान मुलीवर उठताना जे वाटले असेल, ते मला वाटणे शक्य नव्हते. शिवाय सबटायटल्सचा प्रश्न उरतोच. घरात वाचण्याचा कंटाळा करणारी किंवा बारीक अक्षर न दिसणारी वडीलधारी माणसे असतील आणि चित्रपट सर्वांनी मिळून पाहायचा असेल, तर हिंदी निवडण्यात काहीच चूक नाही. आईसोबत मल्याळम ‘दृश्यम’ पाहताना मी पहिला तासभर तिला प्रत्येक ओळ मराठीत सांगत होतो. बाप मुलींना उत्तरे पढवू लागला तेव्हा तिनेच मला हाताने थांबवले.

एकट्याने पाहणार असाल, किंवा वाचत पाहण्याची तयारी असलेल्या माणसांबरोबर, तर एक पूर्ण संध्याकाळ मल्याळम चित्रपटासाठी राखून ठेवा आणि पूर्वार्धात घाई करू नका, कारण तिथे जे निवांत आणि किरकोळ वाटते तेच पुढे कामाला येते. हिंदी त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पाहा. तोवर उलगड्याची ओढ ओसरलेली असेल आणि तब्बू यांच्याकडे निवांतपणे पाहता येईल.