मायकेल्सन इंटरफेरोमीटर किट: काच झकास, बेस कच्चा

कॉलेजच्या फिजिक्स लॅबला घेतलेल्या मायकेल्सन किटबद्दल लिहितोय, सोलापुरातल्या इतर कॉलेजांतले दोघं-तिघं घ्यावं का म्हणून विचारत होते. कंपनीचं नाव घेत नाही. लेसरचा झोत दोन हातांत, म्हणजे दोन वाटांत, वाटायचा आणि आरशांवरून परत आणून एकत्र करायचा, की उजेड-अंधाराच्या रिंगा दिसतात, ते हे यंत्र.

आरसे आणि बीम स्प्लिटर (झोत दोन भागांत वाटणारी काच) एक नंबर. मायक्रोमीटर कुठं अडकत नाही, हीलियम-निऑन लेसर लावला की रिंगा गोल, स्वच्छ येतात. पॅकिंगही दणकट होतं.

पण रिंगा दिसणं वेगळं आणि त्या जागेवर थांबणं वेगळं, किट मार खातं ते इथंच. लेसरची वेव्हलेंथ ६३२.८ नॅनोमीटर, म्हणजे आरसा ३१६ नॅनोमीटर सरकला की एक अख्खी रिंग येते किंवा जाते, आणि आमच्या लॅबच्या मागच्या गल्लीत पॉवरलूम. माग चालू असले की रिंगा थरथरतात आणि मोजता मोजता पोरांचा आकडा चुकतो. दुपारी लाईट गेली की माग बंद, आमचा लेसर मात्र इन्व्हर्टरवर, आणि त्याच रिंगा एकदम गप उभ्या राहतात! ते बघितल्यावर लेसरवर शंका घ्यायचं कारणच उरलं नाही.

दोष आहे तो बेसचा. ॲल्युमिनियमची पातळ प्लेट आणि त्यावर उंच पोस्टवर बसवलेले आरसे. अख्खी प्लेट एकत्र हलली तर फेजला (दोन झोतांच्या लाटांच्या जुळणीला) काही होत नाही ओ, आरसे एकमेकांच्या मानाने हलले की फेज गेला, आणि उंच पोस्ट तर हलणारच. त्यात ॲल्युमिनियम एका डिग्रीला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. १५ सेंटीमीटरचा एक हात दुसऱ्यापेक्षा एकच डिग्री जास्त तापला तरी जाऊन-येऊन सात मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे अकराएक रिंगा हात न लावता सरकल्या. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा ४२ च्या वर, ऊन खिडकीतून एकाच बाजूनं येतं, वर पंखा. बीमच्या खाली नुसता तळहात धरून बघा, गरम हवेनं रिंगा वाकड्या होतात.

सप्लायरला फोन केला तर म्हणे व्हायब्रेशनचं टेबल वेगळं घ्या, आणि त्याची किंमत किटच्या कितीतरी पट. एवढे पैसे कुठल्या कॉलेजकडे असतात?

शेवटी ग्रॅनाइटच्या दुकानातून उरलेला जाड तुकडा आणला, खाली स्कूटरच्या ट्यूब अर्ध्या फुगवून ठेवल्या, वर थर्माकोलचा डबा झाकला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून बुटके, जाड पोस्ट करून घेतले, आणि फरक सगळ्यात जास्त त्यांनीच पडला. दोन्ही हात जवळपास सारखे ठेवले, म्हणजे लेसरची फ्रिक्वेन्सी थोडी सरकली तरी फेजवर फार परिणाम होत नाही. लेसर अर्धा तास आधी चालू करतो. आता पंखा चालू असतानाही मोजणी होते.

दगड वापरणं काही नवीन नाही. १८८१ मध्ये हे यंत्र बनवणाऱ्या मायकेल्सनला बर्लिनच्या रहदारीनं हैराण केलं म्हणून तो पॉट्सडॅमला गेला, तिथंही शंभर मीटरवर कुणी पाय आपटला तरी रिंगा नाहीशा व्हायच्या. १८८७ मध्ये मोर्लेबरोबर त्यानं सगळी जोडणी दगडी शिळेवर मांडून पाऱ्यावर तरंगवली. आपल्या हिंगोलीत औंढ्याजवळ ४ किलोमीटरच्या हातांची लायगो, म्हणजे याच तत्त्वावर गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होतीये, तिथंही कंपनांशीच झुंज आहे. आमच्यातलं एखादं पोरगं तिथं कामाला जावं असं मनापासून वाटतं, म्हणून हे किट नीट चालायला हवं.

घ्यायचं असेल तर साधं मॉडेल घ्या, डिजिटल काउंटरवालं नको, रिंगा थरथरल्या की तो खुशाल जास्त मोजतो. वाचलेले पैसे दगडावर आणि पोस्टवर घाला. माग जोरात असले की संथ झोल अजून येतो, ट्यूब फक्त कडक धक्के गिळतात, त्यामुळे बारीक रीडिंग आम्ही सकाळी माग सुरू व्हायच्या आत घेतो.