वनपट्टा घराचा की रान गावाचं?

शहापूरच्या पाड्यावरचा मित्र विचारतो, "दादा, आधी कुठल्या दाव्यामागे धावू?" 2006 च्या वनहक्क कायद्यात घरानं कसलेल्या वनजमिनीचा पट्टा आणि गावाचा रानावरचा सामूहिक हक्क, दोन्ही दावे चालतात; प्रश्न एवढाच, मजुरी बुडवून आधी कशामागे धावायचं.

पट्ट्यात 13 डिसेंबर 2005 आधीपासून कसलेलीच जमीन, फार तर 4 हेक्टर, नवरा-बायको दोघांच्या नावे. पुरावा म्हणून म्हाताऱ्यांचा जबाबही चालतो. वारसाला जाते, विकता येत नाही. सावकाराला हेच खुपतं, मला आवडतं.

सामूहिक दाव्यात खटपट जबर: ग्रामसभा, हद्दी, शेजारगावाशी तंटे. पण बांबू, तेंदू, मोहाची मालकी गावाची. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला हा हक्क 2009 मध्ये मिळाला, तरी बांबूचा वाहतूक परवाना हाती यायला 2011 उजाडलं.

नाचणी-वरईवर घर चालतं? आधी पट्टा. जमीनच नाही, पोट रानावर? मग ग्रामसभेत बस.