टी-शर्टची साइज विचारली, रक्तगट विचारला नाही

वाळवंटातल्या बाइक रॅलीच्या नावाखाली माझी फसवणूक झाली. 1,86,000 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो मी तीन आठवडे सांगितला नव्हता आणि त्या तीन आठवड्यांनीच मला जास्त बुडवलं.

हिशेब असा: टोकन 11,000. एंट्री 38,500. रॅली किट लावलेल्या बाइकचं भाडं 72,000. मेकॅनिक आणि सर्व्हिसच्या गाडीतला वाटा 18,000. परत मिळणारं डिपॉझिट 40,000. आणि अगदी शेवटी ‘जीएसटी राहिला’ म्हणून 6,500. कशावरचा जीएसटी, किती टक्के, काही नाही. डिपॉझिटचे 40,000 बायकोच्या भिशीचे होते.

वाळवंटातली रॅली एकदा तरी चालवायची, हे माझ्या डोक्यात 2015 पासून होतं. त्या वर्षी सी. एस. संतोषने डाकार ही जगप्रसिद्ध वाळवंटी रॅली बाइकवर पूर्ण केली. असं करणारा तो पहिला भारतीय. 2024 मध्ये हरिथ नोआने तिथेच रॅली 2 गट जिंकला, तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. मी नाशिकचा. एक्सपल्स 200 आहे, तीन वर्षं दर रविवारी गावाकडच्या नदीच्या कोरड्या पात्रात वाळूचा सराव केलाय. टायरमधली हवा कमी करायची, फूटपेगवर उभं राहायचं, वजन मागे टाकायचं आणि पुढचं चाक वळवळलं तरी थ्रॉटल सोडायचा नाही. त्यामुळे कुणी म्हणेल की हा हौशी, काही माहीत नसलेला माणूस होता, तर ते खरं नाही. स्वतःची बाइक नेली नाही कारण तीच रोज कामावर न्यायची असते. जैसलमेरला नेण्या-आणण्याचा खर्च आणि ती मोडली तर पुढे काय, हा विचार करून भाड्याची घेतली. आजही तो विचार मला चुकीचा वाटत नाही.

ज्याला मी हे पैसे दिले तो माणूस ओळखीतून आला होता. ज्याने नंबर दिला त्याने त्याला दोन वर्षांपूर्वी एका रॅलीत मेकॅनिकचं काम करताना पाहिलं होतं. फोटो खरे होते, हातातलं काम खरं होतं. या वेळी त्याने स्वतःचीच रॅली काढली होती: तीन दिवस, सम आणि खुरीच्या बाजूच्या टेकड्या, फक्त हौशी रायडर, जागा चाळीस. पोस्टरवर एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींच्या महासंघाचा लोगो होता. लोगो कुणीही चिकटवू शकतो, हे आता कळतं. एफएमएससीआयच्या वेबसाइटवर वर्षभराच्या स्पर्धांचं कॅलेंडर असतं. ते मी उघडलं नाही. उघडायला फार तर पाच मिनिटं लागली असती.

आता त्या संध्याकाळबद्दल. रॅलीला तीन आठवडे असताना त्याने पहिल्या स्टेजचं रोडबुक, म्हणजे रस्त्यातल्या खुणा आणि अंतरं ओळीने दिलेली पानं, व्हॉट्सअॅपवर पाठवलं. ‘सिर्फ आपके लिए, किसी को दिखाना मत.’ खऱ्या रॅलीत रोडबुक आदल्या संध्याकाळी नाहीतर त्याच सकाळी हातात पडतं, कारण रस्ता आधी पाहून ठेवायची मुभाच नसते. हे मला माहीत होतं. तरी मला वाटलं, आपल्यावर खास मेहेरबानी झाली. मी ते रंगीत छापून आणलं, पट्ट्या कापल्या, एकाखाली एक चिकटवून गुंडाळी केली आणि जेवणानंतर ओट्याशेजारी बसून एकेक ओळ वाचायला लागलो. डावीकडे एकूण अंतर, त्याखाली बारीक आकड्यात मागच्या खुणेपासूनचं अंतर, मध्ये ट्युलिपची, म्हणजे वळण कसं घ्यायचं ते दाखवणारी आकृती, उजवीकडे दिशेचे अंश आणि शेरे. पहिली ओळ 1.35. दुसरी 4.80, मधलं अंतर 3.45, बरोबर. तिसऱ्या ओळीत मधलं अंतर 2.10 आणि एकूण 7.90.

4.80 आणि 2.10 म्हणजे 6.90. मी एका कंपनीत हिशेब बघतो, दिवसभर बेरजाच करतो. मला ती चूक दिसली. दिसली नाही असं अजिबात नाही! मी पेन्सिलने त्याभोवती गोल केला, तो कागद अजून माझ्याकडे आहे. टेकड्यांमध्ये एक किलोमीटर चुकला की माणूस चुकीच्या खोलगटात उतरतो, मग पुढची एकही खूण जुळत नाही. रॅली घेणारा माणूस असली चूक पहिल्याच पानावर करेल? रस्ता स्वतः फिरून, ट्रिपमीटर लावून मोजलेला असता तर ती चूक झालीच नसती. ते पान कुणीतरी घरात बसून, कुठल्या तरी जुन्या रोडबुकवरून बनवलं होतं.

मी फोन केला. तो हसला आणि म्हणाला, ‘सर, आप तो पक्के नेविगेटर निकले. टाइपिंग मिस्टेक है, फाइनल में ठीक हो जाएगा. इतने लोगों को भेजा, पकड़ा सिर्फ आपने.’ ‘सिर्फ आपके लिए’ म्हणणारा आता ‘इतने लोगों को’ म्हणत होता, आणि मला त्यातलं फक्त कौतुक ऐकू आलं. त्याच रात्री सर्व्हिस क्रूचे 18,000 पाठवले. पैसे पाठवताना अॅपवर नाव आलं ते एका मोबाइल दुकानाचं. तेही वाचलं आणि पुढे दाबलं.

दुसरी गोष्ट नंतर लक्षात आली. त्याने टी-शर्टची साइज दोनदा विचारली. रक्तगट एकदाही विचारला नाही. अपघात झाला तर घरी कुणाला कळवायचं, मेडिकल सर्टिफिकेट, स्पर्धेचं लायसन्स, काही नाही. लायसन्सचं विचारलं तर म्हणाला, ‘मैं वहीं बनवा दूँगा.’ लायसन्स आपल्या नावाचं असतं, अर्ज आपण करायचा असतो. कुणी ‘तिथेच बनवून देतो’ म्हणाला की फोन ठेवा. आणि तुमच्या बाइकची नेहमीची विमा पॉलिसी शर्यतीतलं नुकसान भरून देत नाही, हे ज्याला ठाऊक नसेल त्याने आजच पॉलिसी काढून वाचावी.

22 जानेवारीला मी हेल्मेट, बूट, नेक ब्रेस, गुडघ्याचे गार्ड असलं सगळं दोन बॅगांत भरून जैसलमेरला उतरलो. ज्या हॉटेलच्या आवारात बाइकची तपासणी व्हायची होती, तिथे मांडव घालत होते. मॅनेजर म्हणाला, ‘यहाँ तो कल शादी है.’ फोन बंद. मला धरून सहा जण तिथे आले होते. त्यातला एक इंदूरचा मुलगा, कॉलेजातला. तो पायरीवर बसून रडला.

तिथल्या पोलिसांनी सांगितलं, पैसे नाशिकहून गेले, नाशिकला तक्रार करा. नाशिकच्या ठाण्यात सांगितलं, घटना तिकडची, तिकडे करा. मी म्हटलं, साहेब, 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा आहे, बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी खबर घ्यावीच लागते. ‘आम्हाला कायदा शिकवता का?’ तीन खेपा झाल्या. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्या दिवशी चॅटच्या प्रिंट हव्यात, तिसऱ्या दिवशी त्याच प्रिंट रंगीत हव्यात. रंगीत काढून नेल्या, 61 पानं. मग म्हणे हा दिवाणी मामला आहे, तुम्ही स्वतःच्या मर्जीने पैसे दिलेत. बाकड्यावर दोन तास बसवून एक हवालदार सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, ‘या वयात एवढी हौस कशाला पाहिजे?’ माझ्या मेहनतीच्या पैशातून मी वाळूत गाडी चालवायची की देवदर्शनाला जायचं, हे त्याने ठरवायचं? फसवणाऱ्याचा नंबर, खाती, तारखा सगळं समोर ठेवलेलं असताना चौकशी माझ्या हौशीची! शेवटी साध्या कागदावरचा अर्ज घेतला आणि पोचेचा शिक्का मागितला तर शिक्का कपाटात होता, कपाटाची चावी दुसऱ्याकडे. ठाण्यात दाद लागली नाही तर वरिष्ठांना पोस्टाने लेखी कळवायची आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जायची सोय त्याच कलमात आहे. मी पोस्टाने पाठवलंय, रजिस्टर करून. पावती जपून ठेवा.

1930 वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर मात्र मी 13 फेब्रुवारीला फोन केला. जैसलमेरहून, त्या हॉटेलच्या पायरीवरून करायला हवा होता. लाज वाटत होती, बायकोला काय सांगू यातच दिवस गेले. तोवर त्याच्या खात्यात 1,140 रुपये उरले होते. बँकेत उत्तर मिळालं की व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, आम्ही काही करू शकत नाही. लाज नंतर वाटून घ्या, फोन आधी करा.

बायको ओरडली नाही. भिशीच्या बायकांना ती दर महिन्याला स्वतःच्या शिवणकामाच्या पैशातून हप्ता देतेय.

तो माणूस अजून फिरतोय, नंबर बदलून. तुम्हाला कुणी आधीच रोडबुक पाठवलं असेल तर पहिलं पान काढा आणि तिसरी ओळ बघा. 4.80 च्या खाली 2.10 आणि शेजारी 7.90 असेल तर एक रुपयाही पाठवू नका. पाठवले असतील तर आत्ताच 1930 लावा, आणि तक्रारीत लिहा की हेच पान नाशिकच्या एकालाही आलं होतं.