पारधी पोरांच्या भाषेचं शिक्षक ट्रेनिंग, साताऱ्यात केलं, जाणाऱ्यांसाठी लिहितेय

फलटण तालुक्यात झेडपी शाळेत पहिली-दुसरी शिकवते. पटावर फासेपारधी वस्तीवरची पाच पोरं आहेत म्हणून शनिवार-रविवार काढून साताऱ्याला एका संस्थेचं हे ट्रेनिंग केलं. जायचं का असं बरेचजण विचारताहेत, तर जाच.

पहिला तास पारधी समाजातल्याच एका ताईंनी घेतला, पंधरा मिनिटं सगळं त्यांच्या भाषेत, मराठीचा एक शब्द नाही. चित्र दाखवून मला काहीतरी विचारलं, मी गप्प, परत विचारलं, मागं दोघं हसले आणि माझे कान तापले. माझ्या वर्गातली एक पोरगी वर्षभर अशीच खाली बघून बसायची आणि मी नोंदीत 'प्रतिसाद देत नाही' लिहून मोकळी झाले होते, ते तिथंच आठवलं. नंतर ताईंनी सांगितलं, आमची भाषा गुजरातीच्या जवळची, पोरं मराठी अशुद्ध बोलत नाहीत, त्यांची भाषाच वेगळी आहे. वीस वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

इतिहासाचा तासपण चांगला झाला. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, १९५२ ला तो कायदा गेला, पण वर्गात पेन्सिल हरवली की आधी दप्तर कुणाचं उघडतात हे आपल्याला माहितीय.

पटलं नाही ते हातात दिलेलं पुस्तक. सगळे शब्द गोंडी आणि कोरकूचे, म्हणजे गडचिरोली-मेळघाटचे, इकडं पारधी, कातकरी, कैकाडी पोरं, आणि कैकाडी तर तमिळच्या जवळची, मग ते पुस्तक घेऊन मी काय करू? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्यतो मातृभाषेतून शिकवा असं लिहिलंय पण आमच्या हातात काहीच नाही.

सोमवारी ताईंनी सांगितलेलं करून बघितलं. त्या पोरीला घरातलं काहीपण काढ म्हटलं, तिनं आजोबांचा तितराचा फास काढला, दोरीच्या गाठीसकट. एकेका भागाचं नाव तिनं सांगायचं, मी फळ्यावर लिहायचं, सगळ्या वर्गानं वाचायचं. माझा उच्चार तिनं तीनदा दुरुस्त केला, मोठ्या आवाजात!

पाचपैकी चार स्टार. संस्थेला एकच विनंती, त्या ताईंना एक तास नको, दोन्ही दिवस द्या आणि मानधनपण नीट द्या, त्यासाठी फी वाढवली तरी मी भरीन.